बापाचा सूर, आईचं आडनाव

किराणा या गायकीच्या घराण्याचा, गुरु-शिष्यांचा कुठलाही तक्ता उघडा. सगळ्यात वर अब्दुल करीम खाँ. त्यांच्याखाली सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे, रोशन आरा बेगम, आणि त्याच रांगेत कुठेतरी सुरेशबाबू माने. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, मिरज-सांगलीकडचा कुणी शिष्य असणार. प्रत्यक्षात हा खाँसाहेबांचा थोरला मुलगा. जन्म १९०२ चा, मूळ नाव अब्दुल रहमान. पुढे त्याने बापाचं नाव लावलं नाही, त्यांच्या घरातही राहिला नाही. गळा मात्र असा घेऊन गेला की तक्ता करणाऱ्यांना ती रेघ पुसता आली नाही.

खाँसाहेबांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावात ११ नोव्हेंबर १८७२ ला जन्म. घरात सारंगी आणि बीन. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात नोकरी, आणि तिथेच ताराबाई मान्यांशी गाठ. ताराबाई सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी, गायकवाडांच्या नात्यातली. सरदाराची मुलगी आणि दरबारचा मुसलमान गवई, हे त्या काळच्या बडोद्यात पचणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि नंतर मिरजेला बिऱ्हाड केलं. पाच मुलं झाली: अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकिना आणि कृष्णा.

१९२० च्या आगेमागे ताराबाई पाचही मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. मुलांना माहेरचं आडनाव लावलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर, गुलाब म्हणजे कमलाबाई बडोदेकर. सकिना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून गाजल्या. ‘रामराज्य’ या १९४३ च्या चित्रपटातलं ‘बीना मधुर मधुर कछु बोल’ त्यांचंच. एकाच बापाची पाच मुलं, आणि कुणाच्याही नावात बापाचं नाव नाही. महाराष्ट्रात नावाच्या मध्ये बापाचं नाव घालायची रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की हे लक्षात यायला जरा वेळच लागतो.

ताराबाईंनी घर का सोडलं, यावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलंय. खाँसाहेबांच्या वागण्याकडे बोट दाखवलं जातं. नवराबायकोतलं ते नवराबायकोला माहीत. चरित्र लिहिणाऱ्याने खरं तर पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि तो फारसा विचारला जात नाही: विशीच्या उंबरठ्यावरचा, बापाकडून तालीम मिळालेला, पण ती पुरी न झालेला मुलगा त्यानंतर शिकायला गेला कुणाकडे?

तो गेला अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. हे नाव नीट ऐकून ठेवावं. वहीद खाँ किराण्याचेच, नात्यातले, कानांनी अधू, म्हणून ‘बहरे वहीद खाँ’. आणि अब्दुल करीम खाँ यांची पहिली बायको गफूरन ही याच वहीद खाँची बहीण. ताराबाईंशी संसार थाटला तेव्हा खाँसाहेबांनी जिला मागे टाकलं, ती. म्हणजे बापाने दुखावलेल्या दोन बायकांपैकी एकीचा मुलगा दुसरीच्या भावापुढे तंबोरा घेऊन बसला. त्याच्याबरोबर हिराबाईही. नाटककाराने असं रचलं असतं तर ‘जरा जास्तच झालं’ म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

या एका गोष्टीमुळे घराण्याच्या इतिहासात जे झालं ते अजून पुरतं मोजलं गेलेलं नाही, असं मला वाटतं. किराण्याचे दोन प्रवाह आहेत. अब्दुल करीम खाँचा स्वराचा: एका स्वरावर थांबायचं, त्याला कण-मींडेने वाकवायचं, पुकार करायची, लयीशी फार झटापट करायची नाही. वहीद खाँचा बढतीचा: अतिविलंबित लय, बहुतेकदा चौदा मात्रांचा झुमरा, आणि रागाची एकेक पायरी न चुकता चढत जाणं. मेरुखंडाचा हिशेब त्यांच्या गाण्याच्या मुळाशी आहे. तीन स्वर घेतले तर त्यांची उलटसुलट मांडणी सहा तऱ्हांनी होते, चार घेतले तर चोवीस, पाच घेतले तर एकशेवीस, सातही घेतले तर ५०४०. अर्थात मैफलीत कुणी ५०४० प्रस्तार मोजत बसत नाही. पण ज्याने चोवीस घोटलेत त्याला ‘नी रे ग म’ एवढ्या टापूत अर्धा तास फिरून तीच जागा पुन्हा घ्यावी लागत नाही. या घोटण्याचा धोकाही उघड आहे. राग ज्या स्वरसंगती मागत नाही त्याही हिशेबाने हाताशी येतात, आणि कच्चा गवई त्या गाऊन मोकळा होतो. प्रस्तार पाठ हवेत आणि त्यातले निम्मे टाकून देण्याची अक्कलही हवी.

सुरेशबाबूंच्या गळ्यात हे दोन प्रवाह एकत्र आले. घर शाबूत राहिलं असतं, मुलगा मिरजेत बापाच्या मागे तंबोरा धरून बसला असता, तर त्याला वहीद खाँकडे जायचं काही कारण नव्हतं. नात्यातला तो सल पाहता बापाने जाऊही दिलं नसतं. पुण्या-मुंबईत पुढे जे सुरेल आणि तरी शिस्तीने बढत करणारं किराणा गाणं रुजलं, त्यातला मोठा वाटा मोडलेल्या घराचा आहे.

बापाकडून मिळालेलं काय होतं, ते समजून घ्यायला तंबोऱ्यापाशी थोडं थांबावं लागतं. खाँसाहेब वाद्यं स्वतः दुरुस्त करत, आणि मिरज तर तंबोऱ्यांचं गाव. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि पिढ्यान् पिढ्या तेच काम करणारी सतारमेकर घराणी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, रागात पंचम नसेल तर मध्यमाची किंवा निषादाची. मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या. चौथी पितळेची जाड तार, खरजाची. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो आणि तार त्या बाकावर निजत निजत पुढे जाते. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला की एका नेमक्या जागी तार फुलते. तीच जवारी. धागा केसभर पुढे गेला तर तार खरखरते, मागे राहिला तर आवाज बंद, मुका होतो. तारा घोडीवर चरे पाडतात, म्हणून काही महिन्यांनी जवारी पुन्हा काढावी लागते. नवशिके इथेच फसतात: मणी वरखाली करून स्वर जुळवत राहतात, पण दोष जवारीचा असतो. तो मण्याने कधीच जात नाही.

जवारी नीट लागली की खरजाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. तारेचा तो पाचवा अंश. हा गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि बाजारच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, गांधार असतो ४०० वर. चौदा सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. आकडा किरकोळ वाटतो, पण तंबोऱ्याशेजारी पेटीचा गांधार धरून ठेवा, तो चढा लागतो आणि कानात टोचतो. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मोजमापं करायला घेतली तेव्हा अब्दुल करीम खाँ त्यांच्या सोबत होते ते याचसाठी. त्यातून श्रुतींची पेटीही तयार झाली. ती चालली नाही. सप्तकात बाराऐवजी बावीस स्वर ठेवले की बोटांना वेग राहत नाही, आणि गवई रागागणिक गांधार जो हलवतो तो कुठल्याही ठरलेल्या पट्टीत बसत नाही. पण तो खटाटोप ज्या कानासाठी झाला तो कान घरातल्या मुलांना बाळपणापासून मिळाला होता. घर सोडताना तो मागे ठेवता येत नाही.

गंमत अशी की सुरेशबाबू स्वतः उत्तम पेटी वाजवत. बाराच स्वरांची, साधी. तबल्यावरही हात चालायचा. माझ्या मते बापलेकांच्या गाण्यात फरक पडतो तो इथे. खाँसाहेबांच्या गाण्यात ठेका मागे चाललेला असतो आणि स्वर पुढे. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते तेव्हा येते. टीकाकारांनी तेव्हाही नावं ठेवली होती: शब्द गिळतात, लयीकडे लक्ष नाही. तबला हाताखालून गेलेल्या माणसाला असं गाता येत नाही. सुरेशबाबूंच्या मोजक्या ध्वनिमुद्रणांत आवाज बापाइतका धारदार नाही, पण लयीचं भान मुरलेलं आहे. समेवर येताना ते धावत नाहीत, रेंगाळतही नाहीत.

ध्वनिमुद्रणांबद्दल एक सावधगिरी. बापलेकांची तुलना करायची तर खाँसाहेबांच्या दोन काळच्या तबकड्या वेगवेगळ्या धराव्या लागतात. पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं. दुसऱ्या १९३० च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीसाठी केलेल्या, विजेच्या यंत्रावर. ‘पिया बिन नाही आवत चैन’, ‘जमुना के तीर’, ‘पिया मिलन की आस’, वसंतातली ‘फगवा ब्रिज देखन को’ या सगळ्या या दुसऱ्या काळातल्या. जुन्या तबकड्यांत तान जास्त, आवाज कडक. कर्ण्याला हळू आवाज कळतच नसे. नव्यात कुजबुजीएवढा स्वरही पकडला गेला. त्यामुळे ‘खाँसाहेबांचं गाणं उतारवयात हळवं झालं’ हे विधान निम्मंच खरं. निम्मा बदल यंत्राचा.

दुसरी भानगड वेगाची. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. ७४ वर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली की स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो, लयही तितकीच वाढते, आणि आवाज बारीक होतो. आज आंतरजालावर खाँसाहेबांची एकच चीज तीन निराळ्या पट्ट्यांत सापडते. त्यावरून ‘केवढा उंच आवाज!’ म्हणण्याआधी दोन-तीन प्रती शेजारी ठेवून ऐकाव्यात. आणि प्रत्येक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्यात बढत दाखवता येत नाही. वहीद खाँच्या पद्धतीचं गाणं तबकडीत मावणारंच नव्हतं, आणि सुरेशबाबूंचं त्यातलं वारशाचं अंगही. तबकड्यांवरून घराणं शिकणाऱ्या पिढीला बाप दिसला आणि मुलगा दिसला नाही, त्याचं हेही एक कारण.

झिंझोटी रागातली ती ‘पिया बिन’ एकदा या कानाने ऐका. झिंझोटी मूळची मंद्र-मध्यात फिरणारी, ‘ध सा रे म ग’ एवढ्यात ओळख पटवणारी. खाँसाहेब तिला उचलून वर नेतात आणि तारसप्तकात पुकारतात. शब्द ठुमरीचे, पण पूरबच्या ठुमरीसारखा भाव सांगणं, लाडिकपणा, काही नाही. एका ओळीला चार अर्थ काढण्याऐवजी एका स्वराला चार बाजूंनी टेकणं आहे. महाराष्ट्रात ठुमरी म्हणून जे गायलं गेलं त्याचा साचा या तबकडीने घातला. सुरेशबाबूंची ठुमरीसाठीची ख्याती याच साच्याच्या पुढची पायरी आहे. मुलाने बापाची नक्कल केली असं म्हणवत नाही, बापाने जिथे सोडलं तिथून उचललं असं म्हणता येईल.

दरम्यान घर चालवायचं होतं. ताराबाईंनी आणि मुलांनी १९२९ च्या सुमारास नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांचा जमाना, बायकांची कामं पुरुष करत. या मंडळीत हिराबाई आणि त्यांच्या बहिणी उभ्या राहिल्या, सुरेशबाबूही रंगभूमीवर आले. काळ मात्र चुकला. १९३१ ला बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट, आणि भल्याभल्या मंडळ्या बसल्या. हीही कर्जात गेली, आणि ते फेडायला हिराबाईंच्या मैफली कामी आल्या. बहीण तिकीट लावून जाहीर मैफली करणारी, पुढे पद्मभूषण झालेली. थोरला भाऊ तिला शिकवणारा आणि स्वतः मागे राहणारा. सुरेशबाबूंविषयी सगळे एकच सांगतात: माणूस अबोल, भिडस्त, स्वतःचं घोडं पुढे दामटणं ठाऊकच नाही.

बापाला शिष्य करण्याची आणि संस्था उभारण्याची हौस दांडगी. पुण्यात १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मिरजेत. टिपू मियाँ नावाच्या कुत्र्याला स्वरात स्वर मिळवायला शिकवून त्याचा जाहीर कार्यक्रमही केला होता. खाँसाहेबांच्या आख्यायिकांत हा कुत्रा हमखास येतो. थोरल्या मुलाला तेवढी जागा मिळत नाही. कपिलेश्वरीबुवांनी लिहिलेलं जाडजूड चरित्र शिष्याने गुरूचं लिहिलेलं आहे; त्यातली भक्ती समजण्यासारखी, पण शिष्य गुरूच्या मोडलेल्या घराकडे मुलाच्या डोळ्यांनी बघेल ही अपेक्षाच चूक.

२७ ऑक्टोबर १९३७ ला खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं, सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर उतरले, फलाटावर अंथरूण टाकलं. तंबोरा जुळवला, दरबारी कानड्यात नमाज गायला आणि तिथेच गेले, असं सांगतात. दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात. तिथे उरुसाला दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि तिथे हजेरी लावलेले गवई कुठल्या घराण्याचे ते कुणी विचारत नाही.

सुरेशबाबू १५ फेब्रुवारी १९५३ ला पुण्यात गेले. वय जेमतेम पन्नास. वहीद खाँ १९४९ मध्ये गेलेले, सवाई गंधर्व सप्टेंबर १९५२ मध्ये. चार वर्षांत किराण्याचे तीन मोठे शिक्षक संपले. १९५३ मध्येच पुण्यात सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव सुरू झाला, आर्य संगीत प्रसारक मंडळाचा. भीमसेन, गंगूबाई, फिरोज दस्तूर अशी शिष्यांची फळी पाठीशी असल्यावर नाव टिकतंच. सुरेशबाबूंचे शिष्य एका साच्यातले नव्हते म्हणून फळी दिसत नाही. यादी मात्र बघा. हिराबाई. माणिक वर्मा. प्रभा अत्रे. वामनराव देशपांडे, घराण्यांवर लिहिणारे. त्यांनी ग्वाल्हेर आणि जयपूरचीही तालीम घेतली होती. आणि वसंतराव देशपांडे.

वसंतरावांचं नाव इथे मुद्दाम शेवटी घेतलं. त्यांच्या गाण्यात किराणा शोधायला गेलात तर वरवर हाती काही लागत नाही. तडाखेबंद तान, लयीशी मस्ती, एका क्षणात पंजाब आणि दुसऱ्या क्षणात लावणी. आणि तरी ते सुरेशबाबूंना गुरू मानत. अशा बेबंद गळ्याला स्वतःच्या मापात न कापता शिकवणं हे किती अवघड, ते गाणं शिकवणाऱ्यांना विचारा. बहुतेक खाँसाहेब आणि बुवा अशा मुलाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात.

प्रभाताईंना सुरेशबाबूंची शेवटची काही वर्षं मिळाली, नंतरची तालीम हिराबाईंकडे झाली. पुढे त्यांनी सरगमवर, म्हणजे स्वरांची नावं घेत गाण्यावर, पीएच.डी. केली आणि मैफलीत सरगम मनापासून गायल्या. महाराष्ट्रात ख्यालात सरगम गायली की लोक नाकं मुरडत. अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारी जात, कर्नाटक संगीताचा कान त्यांना होता, खरहरप्रिया रागातली त्यागराजांची कृतीही त्यांनी तबकडीवर गायली. सरगमची आवड त्यांच्याकडे तिथून आली. ती प्रभाताईंपर्यंत पोचली ती बापाला सोडून गेलेल्या मुलाच्या गळ्यातून. गुरूच्या आणि हिराबाईंच्या नावाने त्यांनी मुंबईत संमेलन सुरू केलं, तेव्हा कुठे सुरेशबाबूंचं नाव दरवर्षी फलकावर लागायला लागलं.

तेव्हा तक्ता पुन्हा काढायचा झाला तर सुरेशबाबूंच्या नावावर वरून दोन रेघा यायला हव्यात, एक अब्दुल करीम खाँकडून आणि एक अब्दुल वहीद खाँकडून. आणि खाली वसंतरावांकडे जाणारी रेघही ठळक हवी. बहुतेक तक्त्यांत ती तुटक तरी असते नाहीतर नसतेच.